समेवर येऊ द्या

“आम्हांला शास्त्रीय गाण्यातले काही कळत नाही हो, फादर,” असे आमच्या धर्मग्रामातील अनेक मंडळी संकोचाने सांगतात. जणू काही गाणे न कळणे हा अपराध असून त्याची कबुली आमच्याकडेच द्यावयाची असते! अशा वेळी आम्हांला परभणी जिल्ह्यातील सेलू येथील एका वृद्धाची आठवण होते. ते रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झाले होते. त्यांनी संगीताची एकही परीक्षा दिली नव्हती. रागांची नावेही त्यांना फारशी ठाऊक नव्हती. तरीही गाणे ऐकावे कसे, याचा पहिला धडा आम्हांला त्यांनीच दिला.

दीक्षा होऊन आम्हांला थोडीच वर्षे झाली होती. रविवारच्या मिस्सासाठी आम्ही शनिवारी सायंकाळच्या गाडीने सेलूला उतरत असू आणि रात्री त्यांच्याच घरी मुक्काम करीत असू. एके रात्री जेवणे आटोपली. आता जपमाळ करून झोपावे, असे आम्ही म्हटले. त्या वेळी कोनाड्यातील रेडिओवर कोणी गायक संथ लयीत ख्याल गात होता. आम्ही उठून रेडिओ बंद करू लागलो, तोच वृद्धाने हात उंचावला आणि म्हणाले, “फादर, जरा थांबा. समेवर येऊ द्या.”

आम्ही थांबलो खरे, परंतु मनातून रुष्ट झालो. प्रार्थनेपेक्षा गाणे मोठे काय? सम म्हणजे काय, हेही आम्हांला ठाऊक नव्हते. सेमिनरीत आम्ही ग्रेगोरियन गायन शिकलो होतो, हार्मोनियमवर चार गीतेही वाजवीत होतो. पण आपल्या भूमीच्या संगीताविषयी आमचे ज्ञान शून्य होते. सेलूसारख्या गावातील एका रेल्वे कामगारापाशी हे संगीत कोणत्या वाटेने पोहोचले असावे, हा प्रश्न त्या रात्रीपासून आमच्या मनात राहिला. त्याचे उत्तर शोधीत गेलो, तेव्हा एक मोठा इतिहास हाती लागला.

१९४८ सालापर्यंत सेलू निजामाच्या राज्यात होते. विसाव्या शतकाच्या आरंभी हैदराबादहून मनमाडला जाणारा मीटर गेजचा लोहमार्ग या भागातून गेला. त्या काळी अभिजात संगीत प्रामुख्याने दरबारात, जहागीरदारांच्या वाड्यांत आणि धनिकांच्या बैठकींत नांदत होते. घराण्याची विद्या उस्ताद आपल्या मुलांना आणि निवडक शिष्यांनाच देत. कुलीन म्हणविणाऱ्या कुटुंबांत गाणे शिकणे कमीपणाचे मानले जाई. सामान्य माणसाने ऐकावे तरी कोठे?

ही कोंडी फोडण्यात दोन महाराष्ट्रीय अग्रभागी होते. कुरुंदवाड येथे १८७२ साली जन्मलेले विष्णु दिगंबर पलुस्कर हे मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. बालपणी फटाक्याच्या अपघातात त्यांची दृष्टी अधू झाली होती. राजाश्रयावर विसंबून न राहता त्यांनी तिकिटे लावून जाहीर जलसे केले. मानधनापेक्षाही या गोष्टीचे महत्त्व मोठे होते. तिकीट घेणारा कोणीही श्रोता होऊ शकत होता. त्याला कोणाच्या वाड्याचे निमंत्रण लागत नव्हते. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. दुसरे विष्णु नारायण भातखंडे. हे व्यवसायाने वकील. त्यांनी देशभर हिंडून उस्तादांकडून बंदिशी मिळविल्या, स्वरलिपीत लिहिल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिका’ या सहा भागांच्या ग्रंथातून छापून सर्वांपुढे ठेवल्या. १९१६ साली बडोद्याला त्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली.

मराठी माणसाला मात्र शाळेच्या आधी रंगभूमीने दार उघडून दिले होते. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आले. पुढे १९११ च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंबे यांनी आणि १९१६ च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या. भास्करबुवा हे थोर ख्यालगायक. त्यांनी बैठकीतले राग नाट्यपदांत आणले आणि बालगंधर्वांच्या कंठातून ते घरोघरी पोहोचले. ‘भीमपलास’ हे नाव ज्याने कधी ऐकले नव्हते, तोही भीमपलास गुणगुणू लागला.

त्याच सुमारास ध्वनिमुद्रिका आली. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात फ्रेड गाइसबर्ग या तंत्रज्ञाने गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावे. तासभर रंगणारा राग तीन मिनिटांत कसा बसणार, असे जाणकार म्हणत. आणि ते खोटेही नव्हते. तथापि त्या तीन मिनिटांनीच अनेकांना पुढच्या तासाची ओढ लावली. गदगच्या एका मुलाने अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरी तबकडीवर ऐकली आणि १९३३ साली, अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडले. तेच पुढे पंडित भीमसेन जोशी झाले. गाणाऱ्यांच्या या मुकुटमण्याची वाटचालही ऐकण्यापासूनच सुरू झाली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

सेलूच्या त्या वृद्धानेही बालपणी गावातल्या एका हॉटेलात चावीचा ग्रामोफोन ऐकला होता. परंतु त्यांचा खरा सोबती रेडिओच. २० जुलै १९५२ रोजी आकाशवाणीने संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. शनिवारी रात्री देशातील श्रेष्ठ कलावंत गात आणि रेडिओ असलेल्या कोणत्याही घरात ते गाणे ऐकू येई. त्या वेळचे नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे स्वतः संगीताचे जाणकार. अभिजात संगीताच्या कळकळीपोटी त्यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली. परिणाम काय झाला? श्रोत्यांनी काटा फिरवला आणि ते रेडिओ सिलोन ऐकू लागले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. याच विविध भारतीच्या ‘संगीत सरिता’ने नंतर एखादा राग समजावून देऊन त्याच रागातले चित्रपटगीत ऐकविण्याची युक्ती योजली आणि असंख्य श्रोत्यांना रागांची ओळख करून दिली. सक्तीला जे साधले नाही, ते आपुलकीने साधले. आम्हां उपदेश करणाऱ्यांनी तर हा धडा गिरवून ठेवावा.

आणखी एक गोष्ट. मराठवाड्याचा कान मुळात अडाणी नव्हताच. गंगाखेड हे जनाबाईंचे गाव याच परभणी जिल्ह्यातले. नामदेवांचे नाव सांगणारे नरसीही दूर नाही. पहाटेची भूपाळी आपल्या नावातच भूप रागाशी नाते सांगते. भजनाच्या शेवटी भैरवी आली की आता उठावयाचे, हे खेड्यातल्या पोरालाही उमगते. पंडित भीमसेन जोशींनी अभंग गायिले, तेव्हा ख्यालाचा आवाज आणि भजनाचा शब्द हातात हात घालून या लोकांपुढे आला. लोकांना तो परका वाटला नाही.

आम्हांलाही हे संगीत वाटले तितके परके नव्हते. ग्रेगोरियन गायनात एकच सुरावट असते, स्वरांवर स्वर रचलेले नसतात; आणि त्याचे आठ स्वरप्रकार आपापला भाव घेऊन येतात. रागाच्या अंगणाशी त्याचे कुंपण लागून आहे. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक घटनेत लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा, असे सांगितले. सेमिनरीत आम्ही ते वाचले, परीक्षेत लिहिले आणि सेलूला जाऊन रेडिओ बंद करावयास निघालो!

वाचकहो, सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा. तीनताल सोळा मात्रांचा, एकताल बारांचा. विलंबित ख्यालात एका आवर्तनाला कित्येकदा पाऊण-एक मिनिट लागते. गायक स्वरांतून दूरवर हिंडतो आणि ठरल्या क्षणी बंदिशीच्या मुखड्यासह समेवर परततो. त्या क्षणी ऐकणाऱ्याची मान आपोआप डोलते. मात्रा मोजता आल्या नाहीत तरी परत येण्याचा तो आनंद कळतो. नवख्याने एवढेच धरून ऐकावे. एकच राग महिनाभर, दोन-तीन गायकांकडून ऐकावा. आलापाच्या संथपणाला कंटाळू नये. तेथे रागाची ओळख होत असते. नाव पाठ असण्याची घाई नको. माणसाचा चेहरा आधी ओळखीचा होतो, नाव मागाहून कळते. आपल्याकडे तानसेनाच्या जोडीने कानसेनालाही मान आहे, तो उगाच नव्हे.

पुढे ते गृहस्थ आजारी पडले. रुग्णाभ्यंग देण्यासाठी आम्ही गेलो, तेव्हा उशाशी तोच रेडिओ मंद आवाजात चालू होता. घरच्यांनी लगबगीने तो बंद करण्यास हात पुढे केला. या वेळी आम्हीच म्हणालो, “थांबा, समेवर येऊ द्या.” वृद्धाने डोळे मिटलेलेच ठेवले, पण चादरीवर ठेवलेले त्यांचे बोट नेमके समेवर हलले. मग आम्ही प्रार्थनेला प्रारंभ केला.