कातडं पाक, नदी नापाक

दबागत केल्यावर कातडं पाक होतं, असं बहुतेक फकिह मानतात. पण ते पाक होताना नदीचं आणि माणसांचं काय होतं? या प्रश्नाचा इतिहास तामिळनाडूत पालार नदीच्या काठी वाचायला मिळतो.

तिथली वाणियंबाडी, आंबूर, राणीपेट ही गावं चामड्यावर मोठी झाली. वाणियंबाडी-आंबूरच्या या धंद्यात मुस्लिम व्यापाऱ्यांचा वाटा मोठा. त्यांच्याच आधारावर 1919मध्ये वाणियंबाडीत इस्लामिया कॉलेज उभं राहिलं. ओल्या कातड्यात हात घालणारे मजूर मात्र बहुतांशी दलित आणि गरीब मुस्लिम.

पूर्वी तिथे तरवडाच्या सालीत कातडी कमावली जात. सत्तरच्या दशकात सरकारने अर्धवट कमावलेल्या चामड्याच्या निर्यातीवर बंधनं आणली. तयार माल विकून परकीय चलन जास्त मिळवावं, हा हेतू होता. मग काम झटपट उरकणारे क्रोमियमचे क्षार वाढले. खारट, विषारी पाणी नदीत आणि शेतात शिरलं.

वेल्लोरच्या नागरिकांच्या याचिकेवर 28 ऑगस्ट 1996 रोजी सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. या पट्ट्यातली सुमारे 35 हजार हेक्टर शेती पूर्णतः किंवा अंशतः नापीक झाल्याची नोंद त्यात आहे. प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी, हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग ठरलं. प्रत्येक टॅनरीला 10 हजार रुपये दंड झाला, सांडपाणी शुद्ध करणं सक्तीचं झालं.

हा निकाल मला मोठा वाटतो. तरीही त्याच्या हिशेबात विहिरी आणि शेतं मोजली गेली. क्रोमियमने सोलवटलेले हात, टाकी साफ करताना विषारी वायूने गुदमरणारे मजूर बाहेरच राहिले. 31 जानेवारी 2015च्या पहाटे राणीपेटमध्ये सांडपाणी केंद्राच्या गाळाच्या टाकीची भिंत कोसळली. शेजारच्या टॅनरीत झोपलेले 10 जण त्या गाळाखाली मेले. बहुतेक पश्चिम बंगालमधून पोटासाठी आलेले होते. नदी वाचवायला बांधलेल्या केंद्रानेच मजुरांचा जीव घेतला.

30 जानेवारी 2025 रोजी, म्हणजे पहिल्या निकालानंतर 28 वर्षांनी, सुप्रीम कोर्टाला याच पट्ट्यातल्या प्रदूषणावर आणि रखडलेल्या भरपाईवर पुन्हा आदेश द्यावे लागले.

बकरी ईदला आपण कुर्बानीचं कातडं मदरशाला देतो आणि सवाब मिळाला म्हणून निश्चिंत होतो. पुढे ते कुठल्या तरी टॅनरीतच जातं. घाम वाळण्याआधी मजुरी द्या, ही शिकवण आपण मिंबरवरून ऐकतो. त्या मजुराला हातमोजे, मास्क, पक्की नोकरी आणि रात्री झोपायला सुरक्षित जागा मिळते का, हेही आपल्या उलेमांनी आणि चामड्याच्या व्यापाऱ्यांनी विचारायला हवं. कोर्टाच्या तिसऱ्या आदेशाची वाट कशाला पाहायची?