फाटक कुणी उघडलं?

फिलिपिन्समधल्या नर्स अमेरिकेला का जातात, याचं उत्तर सगळ्यांच्या ओठांवर असतं: पगार. ते खोटं नाही. पण चांगला पगार कुठल्या देशातल्या नर्सला नको असतो? मग अमेरिकेतल्या वॉर्डांत फिलिपिनो नर्सच इतक्या का दिसतात? मला वाटतं, हे समजून घ्यायला १८९८ पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी स्पेनशी युद्ध जिंकून, वर २ कोटी डॉलर मोजून, अमेरिकेने फिलिपिन्स ताब्यात घेतलं. मागोमाग शाळा आल्या, इंग्रजी आली आणि १९०७च्या सुमारास नर्सिंगचं शिक्षणही सुरू झालं. अभ्यासक्रम अमेरिकी वळणाचा, भाषा इंग्रजी. मनिलात शिकलेली मुलगी शिकागोच्या वॉर्डातही सहज काम करू शकेल, अशी तयार होऊ लागली. रस्ता बांधून झाला होता. फाटक तेवढं उघडायचं होतं.

ते १९४८ साली किलकिलं झालं. फिलिपिन्स स्वतंत्र होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. नव्या 'एक्स्चेंज व्हिजिटर प्रोग्रॅम'खाली नर्सनी अमेरिकेत यायचं, दोन वर्षं अनुभव घ्यायचा आणि परत जायचं, असं ठरलं. प्रत्यक्षात अनेक हॉस्पिटलांनी त्यांच्याकडून पूर्ण नर्सचं काम करून घेतलं आणि हातावर विद्यावेतन टेकवलं. पुढे १९६५च्या कायद्याने वंश-देश पाहून ठरवलेले जुने कोटे रद्द झाले आणि फाटक सताड उघडलं.

पलीकडून ढकलणारे हातही होते. मार्कोस यांच्या राजवटीत, १९७४च्या कामगार संहितेने परदेशी नोकरीला सरकारी धोरणाचं रूप दिलं. देशाला डॉलर हवे होते. २०००नंतर तर तिथले डॉक्टरही नर्सिंग शिकून बाहेर पडू लागले.

हिशेब उघडा पडला तो कोविडमध्ये. अमेरिकेतल्या नर्समध्ये फिलिपिनो सुमारे ४ टक्के. पण तिथल्या नर्स संघटनेने सप्टेंबर २०२०पर्यंत नोंदवलेल्या नर्सच्या कोविडबळींत त्या जवळपास एक तृतीयांश होत्या. स्वतःकडे माणसं कमी पडू नयेत म्हणून फिलिपिन्सने नर्सच्या परदेशी जाण्यावर मर्यादा घातली. फेब्रुवारी २०२१मध्ये त्याच सरकारच्या कामगार खात्याने ब्रिटन आणि जर्मनीला सुचवलं: लशी द्या, मर्यादा उठवतो. ब्रिटनने नकार दिला.

जाणाऱ्या मुलीला मी दोष देणार नाही. तिच्या पगारावर मागे एक घर उभं राहतं. पण तिच्या शिक्षणाची फी बहुतेकदा त्याच घराने भरलेली असते, आणि शिकून तयार झालेली नर्स श्रीमंत देशाला आयती मिळते. याला नुसतं 'स्थलांतर' म्हणताना माझी जीभ अडखळते.