२८९ दिवस

कायदेशीर धंदा उभा करायला किती दिवस लागतात? देशाची धोरणं या मोजमापावर ठरू लागली त्याच्या कितीतरी आधी, १९८३ साली, पेरूच्या राजधानीत लिमामध्ये ते कोणीतरी प्रत्यक्ष करून पाहिलं. अर्थतज्ज्ञ एर्नांदो दे सोतो यांच्या अभ्याससंस्थेने कपडे शिवण्याचा एक लहानसा कारखाना मांडला. चार विद्यार्थी आणि एक वकील कचेऱ्यांच्या रांगांत उभे राहिले. सगळे परवाने रीतसर, ओळख न लावता मिळवायचे होते. लागले ११ परवाने आणि २८९ दिवस. लाच दहा वेळा मागितली गेली. दोनदा ती दिल्याशिवाय कागद हलेना. बुडालेली मिळकत धरून खर्च किमान मासिक वेतनाच्या ३२ पट.

या संस्थेची घडण लंडनच्या वळणाची. कुक्कुटपालनात कमावलेल्या अँटनी फिशर यांनी, निवडणुकीपेक्षा विचारवंतांची मतं बदला, हा अर्थतज्ज्ञ हायेक यांचा सल्ला मानून १९५५ साली तिथे मुक्त बाजाराची अभ्याससंस्था काढली. पुढे दे सोतोंनाही संस्था बांधताना फिशर यांचं मार्गदर्शन मिळालं. मात्र लिमाच्या मंडळींनी सिद्धांतावर न थांबता गरिबाचा वाया जाणारा दिवस मोजला. हे काम मला फार मोलाचं वाटतं. त्याची किंमतही त्यांनी मोजली: १९९२ साली ‘शायनिंग पाथ’ या माओवादी संघटनेच्या बंडखोरांनी त्यांच्या कार्यालयावर बॉम्बहल्ला केला.

२००२ साली काही अर्थतज्ज्ञांनी हीच मोजणी ८५ देशांत केली, आणि पुढच्याच वर्षी जागतिक बँकेचा ‘डूइंग बिझनेस’ अहवाल निघाला. इथे मोजणारे बदलले. रांगेत उभं राहण्याऐवजी वकिलांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या जाऊ लागल्या. मोजली जाई ती मर्यादित दायित्वाची कल्पित कंपनी. भारतासाठी आधी फक्त मुंबई, नंतर दिल्लीही. धारावीतल्या एकट्या शिंप्याला या चौकटीत जागाच नव्हती. ज्याच्यासाठी मोजणी सुरू झाली, तोच बाहेर राहिला. देश मात्र अहवालातल्या क्रमांकासाठी धावू लागले. भारत १४२वरून ६३वर आला, त्याचा गाजावाजाही झाला. पुढे काही देशांच्या आकड्यांत फेरफार उघड झाले आणि २०२१ साली बँकेने अहवाल बंद केला.

२०२४ साली ‘बी-रेडी’ नावाने बँकेचा नवा अहवाल आला, पहिल्या खेपेला ५० देशांचा. त्यात तज्ज्ञांबरोबर प्रत्यक्ष व्यवसायांनाही विचारलं जातं, पण तेही नोंदणी झालेल्यांनाच.