नवेगाव बांध आणि एक पुणेकर

"तुमच्याकडे किल्ले नाहीत का रे?"

पुण्यात नोकरीला आल्यापासून हा प्रश्न मला दर पावसाळ्यात एकदा तरी विचारला जातो. ऑफिसातली मंडळी शुक्रवारी दुपारपासूनच कामातून मनाने उठलेली असतात. राजमाची की तोरणा, कोणाची गाडी, भाकऱ्या कोण आणणार वगैरे. मी पण जातो, नाही असं नाही. पण गडावर पोचल्यावर कोणीतरी इतिहास सांगायला लागतं आणि मग गाडी हमखास माझ्याकडे वळते. गोंदिया म्हणजे नक्की कुठे? छत्तीसगडात ना? तिकडे काय आहे बघायला?

तर यावेळी २६ जानेवारीला जोडून सुट्ट्या टाकल्या आणि त्यातल्याच एका पक्क्या पुणेकराला उचलून महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसवलं. जवळजवळ अख्खा दिवस गाडीत काढल्यावर त्याला पहिली गोष्ट कळली, ती म्हणजे महाराष्ट्र किती लांब आहे :)

आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात. जिल्हा गोंदिया, पण तो १ मे १९९९ पासून. त्याआधी आम्ही भंडाऱ्याचे. आणि त्याही आधी, १९५६ पर्यंत, मध्य प्रदेशचे. आमचे आबाजी अजूनही कागदपत्रांबद्दल बोलताना "नागपूर राजधानी होती तवा" अशी सुरुवात करतात. हा सगळा झाडीपट्टीचा मुलूख. धान, जंगल आणि तलाव. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते उगाच नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच नवेगाव बांधला गेलो. धुकं होतं. पुणेकर पाळीवर उभा राहून पाच मिनिटं काही बोलला नाही, हा एक विक्रमच. समोर साधारण ११ चौरस किलोमीटरचं पाणी, मध्ये मालडोंगरी नावाचं बेट, चारी बाजूंनी डोंगर. हिवाळ्यात इथे उत्तरेकडून आलेली बदकं उतरतात. मारुती चितमपल्लींची पुस्तकं ज्यांनी वाचली आहेत त्यांना नवेगाव वेगळं सांगायला नको. ते इथे वनअधिकारी होते. १९७५ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१३ मध्ये नागझिऱ्यासकट व्याघ्र प्रकल्प. बहुतेक लोक वाघाच्या आशेने येतात, तलावासमोर फोटो काढतात आणि जातात.

पुणेकराने शेवटी तोंड उघडलं. "भारी आहे रे. पण हे नैसर्गिक ना?"

झालं. मी याच प्रश्नाची वाट बघत होतो.

हा तलाव माणसांनी बांधलाय. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, कोलू पाटील कोहळी नावाच्या माणसाने. सिमेंट नाही, यंत्रं नाहीत, माती आणि दगड. आणि यातली हुशारी बघा: भोवतीच्या डोंगरांना लोक सात बहिणी म्हणतात. या बहिणींनी हात धरून जवळजवळ पूर्ण कडं केलंय, फक्त काही ठिकाणी हात सुटलेत. कोलू पाटलाने तेवढ्याच फटी बुजवल्या. पाण्याच्या मानाने पाळ अगदीच आखूड. म्हणजे खरं काम माती टाकण्याचं नव्हतंच, जागा ओळखण्याचं होतं. त्या काळी नकाशा नाही, समपातळी रेषा नाहीत. हा माणूस किती पावसाळे त्या जंगलात पाणी कुठून कुठे जातं ते बघत हिंडला असेल? पुढे लोकांनी त्याला देव केलं. कोलासूर देव. आमच्याकडे चांगल्या इंजिनिअरचं असं प्रमोशन होतं.

(मी कोहळी आहे, त्यामुळे यात थोडा स्वतःच्या जातीचा कैवार वाटला तर माफ करा. पण तलाव आणि ऊस ही कोहळ्यांची ओळख इंग्रजांच्या गॅझेटियरमध्येही लिहून ठेवलेली आहे.)

हा एकटा तलाव असता तर एक चमत्कार म्हणून सोडून देता आला असता. पण पूर्व विदर्भात असे जुने मालगुजारी तलाव सुमारे ७ हजार आहेत. चांद्याच्या गोंड राजांबद्दल सांगतात की जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन मिळायची. काय सुंदर करार आहे! तलाव फुटला की जमीन वाया, त्यामुळे काम कच्चं करून निसटायची सोयच नाही. गोंड गेले, नागपूरकर भोसले आले, १८५३ नंतर इंग्रज आले. इंग्रजांनी मालगुजारांना गावाचे मालक केलं, पण तलावाचं पाणी कोणाला कसं मिळणार हे गावोगावच्या वाजिब-उल-अर्जमध्ये लिहून घेतलं. म्हणजे गावाचे रिवाजच कागदावर.

यंत्रणा साधी होती. पाळीत एक तुडुम असायचं, म्हणजे एकाखाली एक भोकं असलेली मोरी. भोकांना लाकडी खुंट्या. पाणी उतरत जाईल तशी खालची खुंटी काढायची. जास्तीचं पाणी सलंगावरून सांडायचं आणि ते वाया न जाता खालच्या गावच्या तलावात किंवा बोडीत जायचं. त्याचं जास्तीचं त्याच्या खालच्या. पाऊस दांडी मारतो तो नेमका धान निसवण्याच्या वेळी, तेव्हाच्या एक-दोन पाण्यांसाठी हा सगळा खटाटोप. आणि दर उन्हाळ्यात गावाने मिळून पाट साफ करायचा, पाळीवर माती टाकायची.

मग १९५० चा कायदा आला, ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. ती संपायलाच हवी होती, त्याबद्दल वाद नाही. आबाजी मालगुजाराच्या बेगारीच्या गोष्टी सांगतात त्या ऐकल्या की अंगावर काटा येतो. पण तलाव सरकारजमा झाले आणि एक विचित्र गोष्ट झाली. मालक गेला, त्याच्याबरोबर सपोर्ट टीमही गेली. गाळ कोणी काढायचा? तुडुम कोणी दुरुस्त करायचं? आमच्या धंद्यात हे रोज बघतो. जुनी सिस्टीम, लिहिणारे सोडून गेलेले, डॉक्युमेंटेशन म्हाताऱ्यांच्या डोक्यात. चालतेय तोवर कोणी हात लावत नाही.

दुपारी इटियाडोहकडे गेलो. गाढवी नदीवरचं हे धरण १९७० चं. भिंत बघून पुणेकराला एकदम पानशेतची आठवण झाली. जवळच प्रतापगड आहे असं मी सांगितल्यावर त्याचे डोळे चमकले. "प्रतापगड? इथे?" हो, पण हा वेगळा. डोंगरावर जुने अवशेष, महादेवाचं स्थान आणि जवळच दर्गा. महाशिवरात्रीला तुफान गर्दी असते. चढण मध्यम आहे, पण वरून दिसणारं जंगल आणि पाणी बघायला चढाच. खाली गोठणगावजवळ तिबेटी वसाहत आहे, १९७२ मध्ये वसवलेली. धानाच्या बांध्यांमधून जाताना अचानक प्रार्थनेच्या पताका दिसतात. इतिहास कुठून कुठे माणसं आणून टाकतो! कचारगडच्या गुहा मात्र राहूनच गेल्या. त्या सालेकसा तालुक्यात, माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी यात्रा असते तेव्हा जायचंय.

संध्याकाळी घरी आलो, तर काकांबरोबर आमच्या गावच्या बोडीवर फेरी मारायला निघालो. अर्धी बोडी बेशरमने भरलेली. पाट मातीने बुजलेला, त्यातून सायकलवाट गेलेली. आमच्या बांध्या पाटाच्या अगदी शेवटी आहेत.

"हा साफ का नाही करत?" पुणेकराने विचारलं.

काका माझ्याकडे बघून हसले. "कायले करू बापू? यानं बोअर मारून देल्लं ना मले."

हे खरं आहे. चार वर्षांपूर्वी पहिला बोनस मिळाला तेव्हा मी काकांना बोअरवेलचे पैसे पाठवले होते. टोकापर्यंत पाणी येत नाही म्हणून दरवर्षी भांडणं व्हायची, मला वाटलं प्रश्न सुटला. सुटलाच. काका पाट साफ करायला जायचे बंद झाले. शेवटच्या टोकाचा माणूसच येईना, मग मधल्यांनी तरी का यावं? दोन वर्षांत आणखी तिघांनी बोअर मारले. ज्या घरांत पुण्याहून पैसे येत नाहीत त्यांच्या बांध्या आता फक्त पावसावर. आणि दिवसभर मी पुणेकराला मालक, सरकार, १९५० चा कायदा असं सगळं सुनावत होतो.

आबाजी रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "पाणी वरून येते तं सगळ्यायचं राहते. खालून काढलं तं ज्याचा पंप त्याचं."

आमच्याच तालुक्यातल्या काही तलावांवर ढीवर समाजाच्या बायकांनी चिखलात उतरून बेशरम उपटलं आहे, मासे आणि पक्ष्यांना लागणाऱ्या देशी पाणवनस्पती परत लावल्या आहेत. तिथे मासळी वाढली. तलावावर पोट आहे म्हणून त्या उतरल्या. आमचं पोट आता बोअरवर आहे आणि माझं तर पुण्यातच. त्यामुळे आमच्या बोडीचं काय होणार ते मला माहीत नाही. सारस पक्षी महाराष्ट्रात जवळजवळ फक्त आमच्याच भागात उरलेत. लहानपणी धान कापल्यावर ते दिसायचे, यावेळी आमच्या गावाजवळ एकही दिसला नाही.

निघताना काकांना म्हटलं, जूनच्या आधी पाट साफ करू, मी येतो. ते म्हणाले, ये. चेहऱ्यावरून विश्वास बसलेला वाटला नाही. मे अखेरच्या आठवड्याच्या रजेचा अर्ज टाकलाय, मॅनेजरने कारण विचारलंय. पुणेकर पण येतो म्हणालाय, फावडं पुण्याहून आणावं लागेल का असं विचारत होता.

जायचं असेल त्यांच्यासाठी: गोंदिया-बल्लारशा लाईनवर देवलगाव स्टेशन नवेगाव बांधला जवळ. नागपूर-रायपूर हायवेने आलात तर कोहमारा फाट्यावर वळा. पक्ष्यांसाठी डिसेंबर-जानेवारी, दुर्बीण न्या, गरम कपडे पण न्या, झाडीतली थंडी पुण्यासारखी नाही. पाळीवरून शेवटपर्यंत चालत जा. तिथे कोणी ढीवर डोंगा काढत असेल तर दोन घटका बसा, गाईडपेक्षा त्याला जास्त माहीत असतं.