कॉफी नसलेला कॉफी केक आणि रूब लीकचे झुडूप

अमेरिकेतील घरगुती कॉफी केकमध्ये कॉफी नसते. लोणी आणि साखर एकत्र फेसायची, त्यात अंडी, मैदा, बेकिंग पावडर आणि थोडे ताक मिसळायचे. वर मूठभर ताज्या ब्लूबेरी, त्यांवर मैदा, साखर, लोणी व दालचिनी चोळून केलेला भुगा, आणि मग १८० अंश सेल्सिअसला सुमारे पाऊण तास ओव्हनमध्ये. कॉफीसोबत खायचा, म्हणून कॉफी केक. (१९व्या शतकातील काही अमेरिकी पाककृतींत मात्र खरोखर कॉफीचा काढा ओतलेला आढळतो, तो प्रकार पुढे मागे पडला.)

या केकमधील सर्वांत जुना, निसर्गदत्त वाटणारा घटक म्हणजे फळ. प्रत्यक्षात बाजारात मिळणारी ती टपोरी ब्लूबेरी हाच त्यातील सर्वांत नवा घटक आहे.

वरचा भुगा जर्मन आहे. त्याला ‘श्ट्रॉयझेल’ म्हणतात, आणि हा शब्द ‘भुरभुरणे’ या अर्थाच्या जर्मन क्रियापदावरून आला. १९व्या शतकात लाखो जर्मन अमेरिकेत स्थायिक झाले, त्यांच्याबरोबर दुपारच्या कॉफीसोबत केक खाण्याची रीतही आली. तो केक यीस्टने फुगवलेला असे आणि पीठ वर येण्याची वाट पाहावी लागे. ही प्रतीक्षा रसायनशास्त्राने संपवली. एबेन हॉर्सफर्ड या हार्वर्डच्या प्राध्यापकाने १८५६ मध्ये कॅल्शियम आम्ल फॉस्फेटचे पेटंट घेतले. सोड्यासोबत हे आम्ल ओले झाले की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पीठ फुगते. हॉर्सफर्ड जर्मनीत लीबिखच्या प्रयोगशाळेत शिकला होता, म्हणजे केक झटपट होण्यामागेही जर्मनीच!

फळाची गोष्ट मात्र अमेरिकेच्याच मातीतली. १६४३ मध्ये रॉजर विल्यम्स याने नॅरागॅन्सेट लोकांच्या भाषेविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. हे मूलनिवासी रानबेरी वाळवून वर्षभर साठवतात, त्यांची पूड भाजलेल्या पिठात मिसळून ‘सौतौथिग’ नावाचा पदार्थ करतात आणि इंग्रजांना केक जितका प्रिय तितकाच तो त्यांना प्रिय आहे, अशी नोंद त्यात आहे. बेरी आणि पिठाची सांगड युरोपीय ओव्हन तेथे रुळण्यापूर्वीची आहे, हे यावरून दिसते.

तरीही पुढची अडीचशेहून अधिक वर्षे ब्लूबेरी रानातूनच वेचली जात होती. शेतात लावली की झुडूप मरे. याचे कारण अमेरिकी कृषी खात्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी शोधले, आणि ते शेतकऱ्यांच्या अनुभवाच्या नेमके उलट होते. शेणखत आणि चुना घातलेली ‘उत्तम’ जमीन या झुडपाला विषासमान ठरते. त्याला आम्लधर्मी, रेताड, निकस जमीनच मानवते. शिवाय भरघोस फळधारणेसाठी दुसऱ्या झुडपाचे परागकण लागतात. १९१० मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले.

न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्स या पाइनच्या रेताड अरण्यप्रदेशात व्हाइट्सबॉग येथे एलिझाबेथ व्हाइट यांच्या कुटुंबाची क्रॅनबेरीची शेती होती. १९११ मध्ये तो अहवाल वाचून त्यांनी आपली जमीन कोव्हिल यांच्या प्रयोगांसाठी देऊ केली. प्रश्न होता उत्तम रानझुडपे शोधण्याचा. अरण्यात लाखो झुडपे. त्यांतले टपोऱ्या, गोड फळांचे कोणते, हे ना शास्त्रज्ञाला ठाऊक ना मालकिणीला. ते ठाऊक होते तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या, बेरी वेचणाऱ्या गरीब लोकांना, ज्यांना ‘पायनी’ म्हणत. व्हाइट यांनी त्यांना १६ मिलिमीटर भोकाची पट्टी दिली. त्या भोकातून फळ आरपार गेले नाही, तर झुडूप निवडण्याजोगे. झुडपाबद्दल पैसे मिळत, आणि त्याला शोधणाऱ्याचे नावही.

रूब लीक नावाच्या माणसाने आणलेले झुडूप सर्वांत सरस ठरले. नाव मात्र अडले: ‘रूब’ म्हणजे बोलीत गावंढळ आणि ‘लीक’ म्हणजे कांद्याचा भाऊबंद. शेवटी आडनावाचे आद्याक्षर पहिल्या नावाला जोडून ‘रूबेल’ असे बारसे झाले. १९१६ मध्ये व्हाइट्सबॉगहून लागवडीच्या ब्लूबेरीचे पहिले पीक बाजारात गेले.

याच काळात याच लोकांविषयी आणखी एक नोंद तयार होत होती. सुप्रजननशास्त्राचा, म्हणजे माणसांतून ‘हीन’ वंश वगळण्याच्या कल्पनेचा, तेव्हा अमेरिकेत मोठा बोलबाला होता. न्यू जर्सीतील व्हाइनलँड येथील संस्थेसाठी काम करणाऱ्या एलिझाबेथ काइट यांनी १९१३ मध्ये ‘द पायनीज’ हा लेख प्रसिद्ध केला. त्यात हे लोक आनुवंशिक मतिमंद आणि अनीतिमान ठरले. त्यानंतर राज्याच्या गव्हर्नरांनी त्या भागाचा दौरा केला आणि या लोकांना समाजापासून वेगळे ठेवण्याची भाषा केली. एका कागदावर मतिमंद ठरलेली माणसे त्याच अरण्यात लाखांतून एक झुडूप ओळखून काढत होती. हा केवळ योगायोग म्हणून सोडून देणे अवघड आहे. ज्ञान हवे होते, ज्ञानी माणसे नको होती.

त्या रानातील झुडपांचे वंशज आज जगभर पसरले आहेत. केक करताना त्यांची फळे आधी मैद्यात घोळवतात, म्हणजे ती तळाशी बसण्याचा संभव कमी होतो. सोडा जास्त पडला तर फळांभोवतीचे पीठ हिरवट होते, कारण ब्लूबेरीतील निळे रंगद्रव्य अल्कलीत रंग बदलते. ताकाचे आम्ल इथे उपयोगी पडते.

रूबेल आजही लावले जाते. एके काळी टपोरेपणासाठी निवडलेले हे फळ पुढच्या संकरित वाणांपुढे लहान ठरले, म्हणून ताजे खाण्यापेक्षा भाजीव पदार्थांत त्याला अधिक मागणी असते. छोटी फळे केकच्या पिठात सारखी पसरतात.