दवंडी, चावडी आणि संकेतस्थळ

मंडळी, आजचा विषय वरवर पाहता रूक्ष आहे. सरकारी संकेतस्थळ कसे असावे याचे नियम, आणि ते नियम पाळले जातात की नाही हे तपासणारी संगणकीय साधने. घरातली तरुण मंडळी म्हणतील, आजोबांना आता हे काय सुचले! पण जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या माणसाला यात एक जुनाच प्रश्न दिसतो. सरकारने सांगितले, पण ते लोकांना कळले का? आणि कळले की नाही, हे तपासायचे कुणी? आमच्या मराठवाड्यात या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. तो थोडक्यात मांडतो.

चुडावा हे पूर्णा तालुक्यातले, पूर्णा-नांदेड लोहमार्गावरचे गाव. आमच्या लहानपणी सरकारचा निरोप गावात यायचा तो दवंडीने. हलगी वाजायची, माणसे दारात यायची, आणि "ऐका हो ऐका" म्हणून हुकूम सांगितला जायचा. दवंडीचा एक गुण होता. ऐकणाऱ्याला नीट कळले नाही तर तो तिथेच विचारायचा, "काय म्हणला रे? कोणत्या तारखेला?" सांगणारा पुन्हा सांगायचा. म्हणजे माहिती देणे आणि ती पोचली का हे पाहणे, दोन्ही कामे एकाच माणसाकडून एकाच वेळी व्हायची. दोषही होता. हलगी गावाच्या शेवटच्या वस्तीपर्यंत गेली का, याची नोंद कुठल्याच दप्तरात नसे.

कागदाची गोष्ट वेगळी. निजामाच्या हैदराबाद संस्थानात १८८४ च्या सुमारास फारसी मागे पडून उर्दू कारभाराची भाषा झाली. वरून येणारा कागद उर्दूत, गावचे जुने दप्तर पुष्कळदा मोडीत, आणि शेतकऱ्याचे बोलणे मराठीत. आपल्याच जमिनीचा कागद हातात घेऊन तो वाचून देणाऱ्याच्या शोधात फिरणे, ही आमच्या आधीच्या पिढ्यांची रीतच होती. वाचून देणारा सांगेल ते खरे. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि पुढे महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ आला. सरकारचा कागद मराठीत आला. आता तो सर्वांना कळणार, असे तेव्हा वाटले. पण "उपरोक्त विषयान्वये सदरहू प्रकरणी" अशी मराठी समजून घ्यायला पुन्हा कुणाला तरी विचारावेच लागले. असो.

यानंतर आले संगणक. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, १९७६ मध्ये सुरू झाले आणि त्याच्या जाळ्यातून जिल्ह्याची ठिकाणे जोडली गेली. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून सरकारी संकेतस्थळे दिसू लागली. पण मराठीची तिथे वेगळीच पंचाईत झाली. त्या काळी प्रत्येक कंपनीचा मराठी टंक निराळा असे. इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी अक्षरे बसवलेली असत. तो टंक तुमच्या संगणकावर नसेल, तर मराठी मजकुराऐवजी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ दिसे. निवृत्तीनंतर मी संगणक शिकलो तेव्हा एका कार्यालयाच्या पानावर असाच गोंधळ पाहिला होता. माझ्या मनात आले, आजोबांच्या हातातला उर्दू कागद आणि माझ्यासमोरचे हे पान यांत फरक तो काय? देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासूनच जागा होती, पण ती सोय आपल्या कार्यालयांत रुजायला बरीच वर्षे गेली.

आता नियमांकडे येऊ. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ च्या ऑक्टोबरमध्ये पूर्णपणे लागू झाला. त्याचे कलम ४ मला सर्वांत मोलाचे वाटते. कुणी अर्ज करण्याची वाट न पाहता सतरा प्रकारची माहिती कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायची, असे ते सांगते. माहिती पोचवताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरणारी पद्धत यांचा विचार करा, असेही त्यात आहे. पद्धती कोणत्या? सूचना फलक, वर्तमानपत्रे, जाहीर घोषणा, प्रसारण, इंटरनेट. जाहीर घोषणा म्हणजे आमची दवंडीच की! कायद्याने दवंडी आणि इंटरनेट यांना एकाच पंक्तीला बसवले, हे वाचून मला मौज वाटली आणि समाधानही.

संकेतस्थळ कसे असावे हे मात्र त्यात नव्हते. ते २००९ मध्ये आले. एनआयसीने भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना जीआयजीडब्ल्यू म्हणतात. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये निघाली. पान शेवटचे कधी सुधारले ती तारीख लिहा, जबाबदार अधिकारी नेमा, जुना मजकूर कधी काढायचा हे ठरवा, दृष्टिहीनांना वापरता येईल अशी रचना ठेवा, असे बरेच काही त्यांत आहे. मला विशेष वाटले ते देखरेखीचे धोरण. पान किती वेळात उघडते, त्यावरच्या सोयी चालतात का, दुवे तुटले आहेत का, लोक कुठल्या पानावर येतात, त्यांचे म्हणणे काय, हे सतत पाहत राहा असे ते सांगते. दप्तर एकदा लावून चालत नाही, ते लावलेले राहते का हेही बघावे लागते. सरकारी कामात ही जाणीव नियम म्हणून लिहिली गेली, ही लहान गोष्ट नाही.

एवढी पाने माणसाने एकेक करून तपासणे अवघड, म्हणून साधने आली. अमेरिकेत १९९६ मध्ये 'बॉबी' नावाचे असे एक साधन निघाले. पान अपंगांना वापरता येईल का, हे ते तपासत असे. पुढे वेव्ह, लाइटहाउस अशी कितीतरी साधने आली. त्यांचे काम समजायला सोपे आहे. संगणकाचा कार्यक्रम एका पानावरून दुसऱ्या पानावर जातो, प्रत्येक दुवा उघडून पाहतो आणि जो उघडत नाही त्याची नोंद करतो. चित्राला शब्दांत वर्णन जोडले आहे का, हे पाहतो. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात साडेचारास एक इतके तरी अंतर आहे का, हे मोजतो. आमच्यासारख्या मोतीबिंदूवाल्यांसाठी हा नियम फार कामाचा. पान कोणत्या भाषेत आहे याची खूण आत लिहिली आहे का, हेही तपासतो. ती खूण चुकली तर पान वाचून दाखवणारा कार्यक्रम मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचू पाहतो, आणि ऐकणाऱ्याला काही उमगत नाही.

इथे मला शाळेची तपासणी आठवते. तपासणीला साहेब येणार म्हटले की भिंती सारवल्या जात, तक्ते टांगले जात, हजेरीपटाला नवे वेष्टन चढे. साहेब हजेरी मोजत, वह्या मोजत, शेरेबुकात शेरा लिहीत. मोजता येण्यासारखे सगळे मोजले जाई. पण चौथीतल्या मुलाला धडा समजला का? ते कळायला साहेबांना मुलाजवळ बसून त्याला वाचायला सांगावे लागे. काही साहेब खरोखर तसे बसत. त्यांची तपासणी आम्हाला आवडायची, कारण तिच्यातून आम्हालाही काही कळायचे.

साधनांचे तसेच आहे. चित्राला वर्णन आहे एवढे त्यांना दिसते, पण ते वर्णन नुसते "चित्र १" असेल तर त्याचा उपयोग नाही, हे त्यांना कळेलच असे नाही. सुधारणेची तारीख आजची आहे हे दिसते, पण आतला दूरध्वनी क्रमांक बदलून गेलेल्या साहेबांचा आहे हे दिसत नाही. ब्रिटनच्या सरकारी डिजिटल विभागाने २०१७ मध्ये एक गमतीदार प्रयोग केला होता. त्यांनी मुद्दाम शंभराहून अधिक अडथळे भरलेले एक पान तयार केले आणि निरनिराळ्या साधनांना तपासायला दिले. सर्वांत चांगल्या साधनालाही निम्मे अडथळे सापडले नाहीत, आणि पाव भागाहून अधिक अडथळे तर एकालाही सापडले नाहीत. म्हणून साधने टाकाऊ ठरत नाहीत. हजेरी घेतल्याशिवाय शाळा चालत नाही. पण हजेरी म्हणजे शिक्षण नव्हे.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याची दृष्टी चाळिशीत गेली. तो मोबाइलवर सगळे ऐकून वापरतो, बँकेचे व्यवहारसुद्धा करतो. एकदा म्हणाला, "गुरुजी, दवंडी मला कळत होती. ही पीडीएफ उघडली की मोबाइल मुका होतो." कारण साधे आहे. कागदावर सही-शिक्का करून त्याचा फोटो काढतात आणि तोच संकेतस्थळावर चढवतात. डोळस माणसाला तो कागद दिसतो, यंत्राला मात्र ते नुसते चित्र. कागद 'प्रसिद्ध' झाला, कलम ४ पाळले गेले, दुवाही तुटलेला नाही. फक्त ज्याच्यासाठी प्रसिद्ध केला, त्याला तो वाचता आला नाही.

हा प्रश्न दृष्टिहीनांपुरता नाही. मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. निजामकाळातली उर्दू आणि मोडी दप्तरे बाहेर निघाली, त्यांच्या प्रती जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या. लोकांनी त्या मोबाइलवर उघडल्या, आणि मोडी वाचणारा कुठे मिळेल याचा शोध सुरू झाला. कागद घेऊन वाचणाऱ्याच्या शोधात फिरणे, पुन्हा तेच! या कामात कुणाचा दोष नाही. जुने दप्तर उघडे करणे चांगलेच. पण उघडे करणे आणि वाचता येण्याजोगे करणे या दोन पायऱ्या आहेत, हे त्यातून स्पष्ट दिसले.

न्यायालयानेही हा भेद ओळखला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. त्याखालच्या नियम १५ मध्ये संकेतस्थळांसाठी वरची मार्गदर्शक तत्त्वे घेतली होती. राजीव रतुडी यांच्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कायदा सक्ती सांगतो आणि नियम मात्र नुसत्या शिफारशींवर थांबतो, हे कायद्याशी जुळत नाही. किमान सक्तीचे नियम तीन महिन्यांत करा, असा आदेश सरकारला दिला. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी दुसऱ्या एका निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या अधिकाराचाच भाग मानला गेला.

आपल्या राज्यातही २०२५ मध्ये मोठी तपासणी झाली. जानेवारीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी कार्यालयांना शंभर दिवसांचा सात कलमी कार्यक्रम दिला. त्यात स्वच्छता, तक्रार निवारण यांच्याबरोबर संकेतस्थळ हेही कलम होते. मूल्यमापन भारतीय गुणवत्ता परिषदेकडून करून घेतले आणि १ मे रोजी निकाल जाहीर झाला. त्यामागोमाग दीडशे दिवसांचा ई-गव्हर्नन्स कार्यक्रम आला. सरकारी कार्यालयाला संकेतस्थळाबद्दल गुण मिळावेत, हे माझ्या पिढीला नवलच. साहेब येणार म्हटल्यावर भिंती सारवल्या जातात, तशी पुष्कळ पाने घाईने सारवली गेली असतीलही. पण सारवलेली भिंत न सारवलेल्या भिंतीपेक्षा बरी. प्रश्न आहे तो साहेब गेल्यानंतरचा.

माझे म्हणणे एवढेच. साधनाने मोजावे ते मोजावे, तेही रोज. त्यानंतर वर्षातून दोनदा तरी दहा माणसांना बसवून त्यांच्याकडून ते पान वाचून घ्यावे. त्यांत एक दृष्टिहीन असावा, एक सत्तरी ओलांडलेला, एक फक्त मराठी जाणणारी बाई, एक साधा मोबाइल असलेला शेतमजूर. त्यांना एकच काम द्यावे, "या पानावरून अमुक अर्जाला कोणती कागदपत्रे लागतात ते शोधा." सापडले तर पान उत्तीर्ण.

आमच्या गावातून हे फार जवळून दिसते. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. ज्या दिवशी पान नीट उघडते, त्या दिवशी शेतकरी शेतात असतो. ज्या दिवशी उघडत नाही, त्या दिवशी तो पूर्णेला नाहीतर परभणीला जातो, भाडे भरतो, रोजगार बुडवतो, आणि पुष्कळदा "उद्या या" ऐकून परततो. शहरातल्या अहवालात त्याला एक तुटलेला दुवा म्हणतात. आमच्याकडे ती एका माणसाची एक खेप असते.

तेव्हा भाच्या-पुतण्यांनो, आणि लिहित्या मित्रांनो, सरकारी पानावर तळाशी 'अभिप्राय' नावाचा दुवा असतो. काही अडले तर चिडून पान बंद करू नका. पानाचे नाव, तारीख आणि काय अडले ते दोन ओळींत तिथे लिहा. दवंडीवाल्याला "काय म्हणला रे?" असे विचारायला गाव कधी लाजले नव्हते.