लक्ष्मीबाईंचा निर्णय लक्ष्मीबाईंनीच घेतला

आपल्याला पटलेली श्रद्धा दुसऱ्याला सांगायची तर कशी सांगावी? आज आपण लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट ऐकू.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक कवी होते. एकदा आगगाडीत भेटलेला एक परदेशी प्रवासी त्यांच्याशी आदराने बोलला, कवितेच्या गप्पा केल्या आणि बायबलचा नवा करार हातात ठेवला. टिळकांनी तो वाचला, त्यावर पुष्कळ विचार केला आणि 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

पण घरी बायकोला आधी विश्वासात घेतले नाही. बातमी कानावर आली तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळले. त्या काळी धर्म बदलला की जात सुटे, माहेर-सासर तुटे. लहानग्या मुलाला घेऊन त्या काही वर्षे नवऱ्यापासून दूर राहिल्या. त्यातला काही काळ पंढरपुरात गेला. एवढा मोठा निर्णय घरच्या माणसापासून लपला की केवढे दुःख होते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

पुढे टिळक वेगळ्या रीतीने वागले. ते पत्रे लिहीत राहिले, कविता पाठवत राहिले. लक्ष्मीबाई परत आल्या त्या हिंदू म्हणूनच. सोवळे-ओवळे, स्वयंपाक-पाणी, देवपूजा, सारे त्या आपल्या रीतीने सांभाळत. टिळक आपली श्रद्धा लपवत नव्हते, पण तिचे देव काढून टाका असेही म्हणत नव्हते. दोघांत वाद होत, रुसवे होत, तरी संसार चालू राहिला.

मग लक्ष्मीबाईंच्याच मनात प्रश्न उठू लागले. देवाने माणसे केली, मग जाती कोणी केल्या? एकाच्या हातचे पाणी चालते, दुसऱ्याचे का नाही? विचार करता करता त्यांनी आधी शिवाशिव सोडली. बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर, 1900 साली राहुरीला.

टिळकांनी ख्रिस्ताची ओळख मराठी माणसाला त्याच्याच बोलीत करून दिली. अभंग रचले, कीर्तने केली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. नव्या देवाचे प्रेम सांगायला जुन्या संतांची निंदा करावी लागत नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

टिळक 1919 मध्ये गेले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. शाळेत न गेलेल्या या बाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली आणि नवऱ्याचे गुण-दोष दोन्ही मोकळेपणाने सांगितले. घाबरून होकार दिलेल्या बाईला असे लिहिता आले असते का?

या इतिहासातून आम्ही एवढेच घेतो. मनातले सांगावे, पण आमिष दाखवू नये, धाक घालू नये. घरच्यांपासून लपवू नये. समोरची नाही म्हणाली, तरी तिच्याकडचा चहा तितक्याच मायेने प्यावा. धर्म कोणताही असो, स्वीकारायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे. आपल्या देशाच्या घटनेनेही प्रत्येकाच्या सद्सद्विवेकाचा मान राखला आहे.

पुढच्या बैठकीत गटात यावर जरूर बोला. आपल्या वस्तीत वेगळ्या श्रद्धेची कोणी बाई असेल, तर तिला आधी बोलू द्या.